भिंतीवरचा डाग आणि ॲसिडची बाटली

पाऊस ओसरतो, ऑक्टोबरचं ऊन भिंतींवर पडतं आणि चार महिने न दिसलेलं सगळं एकदम दिसायला लागतं. पश्चिमेची भिंत हिरवी-काळी झालेली असते. छज्ज्याखाली काळे ओघळ उतरलेले असतात, ग्रिलच्या खालून तांबड्या रेघा आलेल्या असतात. सणवार तोंडावर असतात आणि घरच्यांना घाई असते. अशा वेळी कुणाला विचारलं तर कोल्हापुरात एकच उत्तर मिळतं, "ॲसिड मारलं की दोन मिंटात साफ हुतंय बघा."

गेली बरीच वर्षं मी या शहरात इमारतींच्या दुरुस्तीच्या कामांवर उभा आहे. पावसानं, पुरानं किंवा माणसांच्या थुंकण्यानं भिंतींचं जेवढं नुकसान झालेलं मी पाहिलं, त्याहून जास्त नुकसान घाईघाईनं डाग काढताना झालेलं पाहिलं आहे. म्हणून हा लेख.

शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या वाड्याचं जोतं मला विसरता येत नाही. काळ्या घडीव दगडाचं, चुन्यात बांधलेलं. घरात लग्न होतं म्हणून मालकांनी जोत्यावरचे काळपट डाग ॲसिडनं धुऊन घेतले. लग्नाच्या दिवशी दगड नव्यासारखा दिसत होता. दोन-तीन महिन्यांनी त्यांनी मला बोलावलं. दगडांवर पिवळट-तपकिरी चट्टे उमटले होते. पण खरी गोष्ट सांध्यात होती. दोन दगडांमधल्या दरजेत मी बोट घातलं, तर ते पहिल्या पेरापर्यंत सहज आत गेलं आणि आतला चुना भिजलेल्या साखरेसारखा भुगा होऊन खाली पडला. पुढच्या पावसाळ्यात त्याच सांध्यांतून पाणी आत शिरलं आणि माजघराच्या भिंतीला ओल आली. डाग काढायला लागली होती एक बाटली. दरजा पुन्हा भरून घ्यायला पाथरवट आणि गवंडी मिळून कित्येक दिवस खपले.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. बाजारात मिळतं ते ॲसिड बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक असतं. ते चुना विरघळवतं, सिमेंटही खातं. आपल्या काळ्या दगडात लोह असतं. ॲसिडनं ते थोडं सुटतं आणि हवेत येऊन गंजल्यासारखं पिवळं पडतं. शिवाय ॲसिड चुन्याशी लढून संपलं, तरी मागे क्षार उरतात. ते ओल धरून ठेवतात आणि पुढे पांढरे फुटतात. त्याच्या वाफेनं शेजारचं ग्रिल गंजतं ते वेगळंच.

भिंत कशाची आहे ते आधी बघा

कोल्हापूर आणि आसपास चार प्रकारच्या भिंती सापडतात. मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेला, 1877 ते 1884 या काळात उभा राहिलेला नवा राजवाडा घ्या, टाऊन हॉल घ्या किंवा अंबाबाईचं देऊळ घ्या, हे सगळं आपल्याकडच्या काळ्या दगडाचं काम. जुन्या पेठांत खाली दगडी जोतं आणि वर पांढऱ्या मातीची भिंत असे वाडे अजून आहेत. पन्हाळा, राधानगरी, आजरा या भागात जांभा. बाकी सगळीकडे विटा, सिमेंटचा गिलावा आणि वर रंग.

काळा दगड घट्ट असतो. त्यात डाग खोल जात नाही, त्यामुळे तो बऱ्याचदा पाण्यानं आणि ब्रशनंच निघतो. जांभ्याला मात्र अंगभर छिद्रं असतात. तो पाणी पितो, शेवाळ धरतो आणि तारेच्या ब्रशनं घासला की लाल भुकटी होऊन झडतो. पांढऱ्या मातीच्या भिंतीला पाण्याचा झोत दाखवूच नका. तिथं कोरडा मऊ ब्रश, फार तर पिळलेलं फडकं, आणि मग चुन्याचा हात.

गिलावा किंवा सांधा चुन्याचा आहे की नाही अशी शंका असेल, तर कोपऱ्यात न दिसेल अशा जागी लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका आणि कान जवळ न्या. बारीक फसफस झाली तर तिथं चुना आहे. एवढ्याशा लिंबानं जे फसफसतं, त्याचं बाटलीभर ॲसिडनं काय होईल ते वेगळं सांगायला नको. संगमरवराच्या पायऱ्या, तुळशीवृंदावनाची फरशी यांचीही हीच गत आहे. तिथं लिंबूसुद्धा चकाकी घालवतं, म्हणून ही परीक्षा तिथं करू नका.

दुसरी परीक्षा साध्या पाण्याची. भिंतीवर ओंजळभर पाणी उडवा. ते ओघळून खाली गेलं तर डाग वरवर आहे. भिंतीनं ते लगेच पिऊन टाकलं तर डागही आत गेला असणार आणि तुम्ही लावाल ते औषधही आत जाणार. अशा भिंतीवर काहीही लावण्याआधी ती साध्या पाण्यानं भिजवून घ्यायची. मग औषध वरच राहतं.

आणि कितीही घाई असली, तरी आधी वीतभर चौकोनावर करून बघायचं. वाळल्यावर, दुसऱ्या दिवशी, उन्हात बघायचं. ओली भिंत नेहमी स्वच्छच दिसते.

हिरवं आणि काळं

पावसाळ्यानंतरच्या तक्रारींत सर्वांत मोठा वाटा शेवाळाचा आणि काळ्या बुरशीचा असतो. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूच्या भिंती जास्त भिजतात. उत्तरेच्या भिंतीला ऊन कमी, म्हणून ती वाळत नाही. हिरवं शेवाळ उन्हात वाळलं की काळं पडतं आणि लोक त्याला धूळ समजून नुसतं घासतात. ते जिवंत असतं. घासून वरचं निघतं, मूळ छिद्रात राहतं आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा येतं.

ते आधी मारायचं आणि मग काढायचं. दहा लिटर पाण्यात साधारण 200 ग्रॅम ब्लीचिंग पावडर लाकडी काठीनं ढवळा, बादली अर्धा तास तशीच ठेवा आणि वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्या. खालचा पांढरा गाळ भिंतीवर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर हिरव्याच्या जागी पांढरे ओघळ येतील. भिंत साध्या पाण्यानं भिजवा आणि हे निवळ पाणी ब्रशनं किंवा फवारणीच्या पंपानं खालून वर लावत जा. खालून वर यासाठी की वरून लावलं तर ते कोरड्या भिंतीवरून ओघळतं आणि त्या ओघळांच्या रेघा पुढे जाता जात नाहीत. पंधरा-वीस मिनिटं थांबा, वाळू देऊ नका, नायलॉनच्या ब्रशनं घासा आणि मग भरपूर पाण्यानं वरून खाली धुवा. लावताना खालून वर, धुताना वरून खाली, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम नीट होतं. दाट शेवाळ असेल तर दोन दिवसांनी पुन्हा एकदा.

रंगीत भिंतीवर ब्लीचनं रंग फिका होऊ शकतो, म्हणून वीतभर चौकोनाचा नियम इथं फार कामाचा. भिंतीखाली जास्वंद, तुळस असेल तर झाडं आधी साध्या पाण्यानं भिजवून प्लास्टिकनं झाका. पंप वापरून झाल्यावर लगेच धुवा, त्यातले धातूचे भाग ब्लीचनं खराब होतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. एका भागावर ब्लीच मारलंय, ते नीट धुतलं नाही आणि वरून कुणी ॲसिड ओतलं, तरी तेच होतं. जिन्यात, डक्टमध्ये, दोन इमारतींच्या बोळात हा वायू साठतो आणि माणूस गुदमरतो. अमोनिया असलेलं काच साफ करण्याचं द्रव्यही ब्लीचजवळ आणू नका. मजूर कामावर असताना मालकानं कोणती बाटली कशात ओतली जातेय हे स्वतः बघावं. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा या वस्तू मजुराकडे नसतील तर तुम्ही आणून द्या.

शेवाळ गेलं, पण पाणी तसंच येत राहिलं तर ते परत येणारच. छज्ज्याखालचे काळे ओघळ कुठून सुरू होतात ते बघा. बहुतेक वेळा छज्ज्याच्या कडेवरून पाणी खाली न पडता वळून भिंतीला चिकटत येतं. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत एक बारीक खाच ठेवली की पाणी तिथं तुटून खाली पडतं. जुने गवंडी ही खाच न सांगता ठेवत. आता ती राहून जाते. नसेल तर तिथं चिकटवायची पट्टी मिळते, ती लावून घ्या. गच्चीची पन्हळ तुंबलेली असेल, टाकी भरून वाहत असेल, पावसाच्या पाइपचा जोड सुटलेला असेल, तर भिंतीवर हात ठेवण्याआधी ते करून घ्या. पन्हळीतला पालापाचोळा काढायला दहा मिनिटं लागतात.

पुराची रेघ

कोल्हापुरात असा एक डाग आहे जो इतर अनेक शहरांना माहीत नाही. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा असतो आणि 43 फुटांवर धोका. ऑगस्ट 2019 मध्ये ती 55 फुटांच्या वर गेली. 2005 चा पूर ज्यांनी पाहिला होता, त्यांनाही ते पाणी नवं होतं. दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, पुन्हा तेच. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, नदीकाठच्या पेठा, रमणमळा, बावडा इथल्या कितीतरी भिंतींवर ती सरळ आडवी तपकिरी रेघ राहिली. लोक तिच्यावर रंग मारतात आणि दोन-तीन महिन्यांत ती रंगातून पुन्हा वर येते. रंगाला दोष देऊन उपयोग नाही, भिंत आतून अजून ओली असते.

पाणी उतरलं की पहिलं काम फोटोचं. भिंतीजवळ टेप उभी धरून, रेघ आणि टेपवरचा आकडा दोन्ही दिसतील असे फोटो काढा. घराच्या चारही बाजूंचे काढा. पंचनाम्याला ते लागतात. मग स्वच्छता.

गाळ ओला असतानाच काढायचा. पुराचा गाळ अतिशय बारीक असतो. वाळला की गिलाव्याच्या छिद्रांत घट्ट बसतो आणि मग घासून फक्त पसरतो. साधा नळीचा पाण्याचा झोत, मऊ ब्रश, वरून खाली. शाम्पूइतका सौम्य साबण चालतो. त्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, म्हणून गाळ गेल्यावर वर सांगितलेल्या ब्लीचिंगच्या निवळ पाण्यानं एकदा भिंत पुसून घ्यायची. गाडी धुवायचा जोरदार प्रेशर पंप मात्र इथं आणू नका. भिजून मऊ झालेला गिलावा त्यानं उडतो, दगडाच्या दरजा मोकळ्या होतात आणि पाणी आणखी आत ढकललं जातं. चांगल्या सिमेंटच्या भिंतीवर तो वापरायचाच असेल तर पंख्यासारखी पसरणारी तोटी, कमी दाब, आणि भिंतीपासून हातभर अंतर.

यानंतर थांबायचं. हेच लोकांना जड जातं. आठवडाभर पाण्यात उभी राहिलेली नऊ इंची भिंत आठवड्यात वाळत नाही, तिला महिने लागतात. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, भिंतीला टेकवलेलं सामान फूटभर पुढे ओढा, बाहेरच्या बाजूनं अंगावर काही चढवू नका. थंडी सुरू झाली की रेघेच्या वर, कधी कधी हातभर वर, पांढरी भुकटी दिसायला लागते. पाणी भिंतीतून वर चढतं, उडून जातं आणि त्यातले क्षार बाहेर ठेवून जातं. आपण त्याला लोणा म्हणतो.

लोणा दिसला की माणसाचा हात बादलीकडे जातो. पाणी घालू नका. पाण्यात तो विरघळतो, भिंतीत परत शिरतो आणि वाळल्यावर पुन्हा बाहेर येतो. कोरड्या ब्रशनं झाडायचा, खाली कागद किंवा घमेलं धरून गोळा करायचा आणि लांब नेऊन टाकायचा. भिंतीच्या पायाशी पडू दिला तर पहिल्या पावसात तो परत तिथूनच वर चढतो. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा झाडा. चार-पाच वेळा झाडल्यावर तो कमी होत जातो, हा माझा अनुभव आहे. कमी होत नसेल तर पाणी अजून कुठून तरी येतंय: नळाची गळती, भिंतीला टेकून भरलेली माती, बाथरूमचा सांधा.

भिंत वाळली की नाही हे हातानं कळत नाही. दीड फूट चौरस प्लास्टिकचा पारदर्शक कागद चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा आणि एक दिवस ठेवा. आतून दव धरलं किंवा त्याखालचा भाग गडद झाला, तर रंगाऱ्याला परत पाठवा. कागद कोरडा निघाला तर गिलावा बोटाच्या पेरानं वाजवून बघा. पोकळ वाजतो तिथं तो सुटलेला आहे, तेवढा तोडून नवा करा. चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर वॉटरप्रूफ रंगाचा जाड थर चढवला की ओल आत कोंडते आणि मग पापुद्रे घेऊन बाहेर पडते. पूरपट्ट्यातल्या जुन्या घरांना चुना किंवा श्वास घेणारा साधा रंगच बरा. दोन-तीन वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागेल, पण भिंत शाबूत राहील.

पान, मावा आणि जिन्याचे कोपरे

व्यापारी इमारतींचे जिने, कंपाऊंडच्या भिंती, लिफ्टशेजारचा कोपरा. पान आणि माव्याचे डाग दोन गोष्टींचे असतात: काताचा रंग आणि चुना. ताजा डाग साबण-पाण्यानं जातो, म्हणून सफाई करणाऱ्या बाईंना रोज सकाळी पहिला कोपरा तोच सांगा. आठवडाभर राहिला की कात आत मुरतो, काळपट होतो आणि चुन्याचं कवच वर बसतं.

रंगवलेल्या भिंतीवरचा जुना डाग काढण्यात वेळ घालवू नका. धुऊन, वाळवून, डाग अडवणाऱ्या प्रायमरचा एक हात देऊन रंग मारणं स्वस्त पडतं. उघड्या दगडावर किंवा फरशीवर मात्र लेप लावायचा. औषधाच्या दुकानात 6 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. त्यात शंखजिऱ्याची पांढरी पूड कालवून थालीपिठाच्या पिठाएवढं घट्ट करा, डागावर अर्धा सेंटिमीटर थापा, वर प्लास्टिक चिकटवा आणि दिवसभर ठेवा. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या. वाळताना तो डाग आपल्याकडे ओढून घेतो. लाकडी पट्टीनं उचला, धुवा. एका वेळी निम्माच जाईल, म्हणून दुसऱ्यांदा लावायची तयारी ठेवा. इथं मुलतानी माती वापरू नका. तिच्यात लोह असतं, त्यानं पेरॉक्साइड फुकट फसफसून जातं.

मुलतानी माती तेलाच्या डागावर चांगली. दीपमाळेच्या पायाशी, मारुतीच्या देवळाच्या उंबऱ्याला तेल मुरून काळं झालेलं असतं. धुण्याचा सोडा आणि मुलतानी माती गरम पाण्यात कालवून तसाच लेप लावा. दगड काळा असेल तर मातीच्या रंगाची अडचण येत नाही.

थुंकू नये म्हणून कोपऱ्यात देवांच्या चित्रांच्या फरशा लावतात. मला ते पटत नाही. त्यांच्यावरही थुंकलेलं मी पाहिलं आहे आणि ते बघवत नाही. तिथं पांढरी गुळगुळीत फरशी आणि एक लख्ख दिवा लावा. उजेडातल्या स्वच्छ कोपऱ्यात थुंकायला माणूस कचरतो.

तांबडे ओघळ

गंजाचा डाग काढायला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. फरशी पॉलिश करणारे ते वापरतात, त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम, प्लास्टिकच्या भांड्यात. डागावर लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, घासा, भरपूर धुवा. हे विष आहे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका, उरलेलं घरात ठेवू नका. संगमरवरावर नको.

पण आधी गंज कुठला आहे ते शोधा. ग्रिलचा, एसीच्या ब्रॅकेटचा, जुन्या खिळ्याचा असेल तर तो भाग घासून रंगवा, मगच डाग काढा. उद्यमनगर किंवा शिरोलीच्या बाजूला ग्राइंडिंगच्या शेडजवळ भिंतींवर तांबडे ठिपके दिसतात. ते उडालेल्या लोखंडाच्या कणांचे असतात, त्यांनाही हाच उपाय. मात्र छज्ज्याच्या किंवा बाल्कनीच्या तड्यातून तांबडा ओघळ येत असेल, तर ब्रश खाली ठेवा. आतली सळई गंजून फुगते आहे आणि वरचं काँक्रीट सुटू पाहतं आहे. हा डाग नव्हे, इशारा आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि तोवर त्याखाली कुणाला उभं राहू देऊ नका.

काजळी, गुलाल, कबुतरं

गुऱ्हाळं सुरू झाली की आसपासच्या गच्च्यांवर, भिंतींवर चिपाडाची काजळी उतरते. ती आधी कोरडी झटकायची, मग साबण-पाणी. ओल्या फडक्यानं पुसली की पसरते. गुलालाचंही तेच. निकालाच्या दिवशी, मिरवणुकीनंतर भिंतींवर गुलाल बसतो आणि दुसऱ्या दिवशी लोक नळी सोडतात, त्यामुळे रंग दगडात उतरतो. मऊ झाडूनं, जमल्यास व्हॅक्युमनं, आधी सगळा कोरडा काढा. जोतिबाच्या डोंगरावरचा गुलाल वेगळा. तो डाग नव्हे, त्याला कुणी हात लावू नये.

कबुतरांच्या विष्ठेचं उलटं आहे. ती कोरडी झाडू नका, तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. पाणी शिंपडून भिजवा, मास्क लावा आणि लाकडी पट्टीनं उचला.

निवडणुकीची, क्लासची, डॉक्टरांची चिकटवलेली पोस्टरं ओल्या पोत्यानं अर्धा तास झाकून ठेवली की सबंध निघतात. परवानगीशिवाय भिंत अशी विद्रूप करणं हा महाराष्ट्रात 1995 च्या कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा फोटो काढून महापालिकेकडे तक्रार जरूर करा.

कुठं हात घालू नये

दुमजली उंचीच्या वरचं काम घरच्या शिडीवर चढून करू नका. चांगली परांची, पट्टा आणि दोर असलेल्या माणसालाच द्या आणि पट्टा लावल्याशिवाय चढू देऊ नका. संरक्षित वास्तू असेल, कोरीव काम असेल, तर पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय साधा ब्रशही लावायचा नाही. नवरात्राआधी अंबाबाईच्या देवळाची स्वच्छता होते तेव्हा लांबून जरूर बघा. देवाच्या दगडाला चालतं ते पाणी आपल्या जोत्यालाही पुरेसं असतं. वाळूचा मारा करून दगड घासून देणारे ठेकेदार आले तर त्यांना दारातूनच परत पाठवा. तो मारा डागाबरोबर दगडाची घडीव कातडीही नेतो आणि पुढच्या वर्षी शेवाळ दुप्पट धरतं.

आणि पूरपट्ट्यात राहत असाल तर एक करा. रंग देण्याआधी त्या आडव्या रेघेची उंची टेपनं मोजा आणि जिन्याच्या आतल्या अंगाला, विजेच्या बोर्डाशेजारी, ऑइल पेंटनं बारीक रेघ ओढून वर वर्ष लिहा: 2019, 2021. पुढचा इन्व्हर्टर, पुढचा मीटर, धान्याची पुढची कोठी त्या रेघेच्या वर बसवा.